सोळापैकी नऊ

मंगळवारी तिचा सहकारी फूटपट्टी रजेवर होता म्हणून तिने चाचणीची फाइल स्वतः उघडली. एरवी उघडायचं कारणच नसे. ऐकायचं काम तिचं आणि मोजायचं काम त्याचं, असं अकरा वर्षं चालत आलं होतं. पण संपादकांना दुपारपर्यंत तक्ता हवा होता, फूटपट्टीचा फोन बंद होता, आणि तक्ता काय, नुसता उचलून पाठवायचा होता. त्यांचं मासिक ग्राहकांसाठी वस्तूंची तुलना छापायचं. कपडे धुण्याची यंत्रं, गाद्या, चष्म्याच्या काचा, आणि वर्षातून दोनदा, गाणी ऐकवणाऱ्या सेवा. कुठल्या सेवेचा आवाज चांगला, महागड्या वर्गणीत खरंच जास्त ऐकू येतं का, एवढंच वाचकांना हवं असायचं. त्यासाठी ती गुबगुबीत भिंतींच्या एका लहानशा खोलीत हेडफोन लावून बसायची. एकच गाणं दोन सेवांवरून यायचं, एक क आणि एक ख. मग तिसऱ्यांदा त्यातलंच एक, नाव झाकून. ते कुठलं हे ओळखायचं आणि बटण दाबायचं. असं सोळा वेळा. चाचण्या दर महिन्याला व्हायच्या, निकाल वर्षातून दोनदा छापला जायचा. त्याआधी फूटपट्टी दोन्हीकडचा आवाज केसाच्या अंतराने सारखा करून ठेवायचा, कारण माणसाला जरा मोठं ऐकू आलं की तेच चांगलं वाटतं. फाइलमध्ये दोन पानं होती. पहिल्या पानावर बटणं दाबल्याची यंत्राने ठेवलेली नोंद, दुसऱ्यावर छापायचा तक्ता. तक्त्यात तिच्या नावापुढे होतं, सोळापैकी पंधरा. पहिल्या पानावर होतं, सोळापैकी नऊ.

टायपिंगची चूक, असं तिला आधी वाटलं. मग तिने खालची ओळ पाहिली, तिच्याच पुढच्या चाचणीची. तिथे आठचे चौदा झाले होते. त्याखाली दहाचे पंधरा. बाकीच्या तिघा परीक्षकांचे आकडे दोन्ही पानांवर सारखे होते, फक्त तिच्याच ओळी बदललेल्या होत्या. तिने आधीच्या महिन्याची फाइल उघडली, मग त्याच्या आधीची, आणि जिना उतरत जावा तशी ती मागे मागे गेली. आठ महिने. गेल्या एप्रिलपाशी आल्यावर दोन्ही पानं जुळली. त्याआधी ती खरोखरच चौदा आणि पंधरा मिळवत होती. नाणं उडवून उत्तरं दिली तरी सोळापैकी आठ बरोबर येतात, हे तिनेच वाचकांना एका लेखात समजावून सांगितलं होतं, जरा गमतीने. आठ महिने ती त्या खोलीत बसून नाणं उडवत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. तिला राग आला नाही. आधी आली ती लाज, इतकी की तिने मान वर करून आजूबाजूला पाहिलं, कपडे बदलताना दार उघडं राहिलं असावं तशी. पलीकडच्या टेबलावर गादीवाल्या बाई फोनवर कुणाशी तरी स्प्रिंगांबद्दल बोलत होत्या. कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

ती खोलीत गेली, दार लावलं, आणि तिला पाठ असलेला एक तुकडा लावला. नुसती झांज, एकदा वाजून विरत जाणारी. स्वस्त वर्गणीत तिची शेपटी तुटते, वाळू ओल्या फरशीवर सांडल्यासारखी होते, हे तिने कितीदा लिहिलं होतं. तिने दोन्हींकडून ऐकलं. दोन्हींमध्ये तिला फरक ऐकू आला, अगदी स्पष्ट. एकीकडे वाळू, एकीकडे अखंड धागा. मग तिने डोळे मिटून कुठलीही कळ दाबली, काय लागलं ते न बघता ऐकलं, आणि तिला कळेना. धागा म्हटलं तर धागा ऐकू येत होता, वाळू म्हटलं तर वाळू. म्हणजे ऐकत होती ती आठवण. कानांनी कधीच दुकान बंद केलं होतं आणि आतलं कुणी तरी इमानदारीने गिऱ्हाईकाला जुनाच माल देत होतं. ती हेडफोन मांडीवर घेऊन बसली. तेव्हा अण्णा आठवले, असं म्हणणं खोटं होईल. पहिल्या पानावरचा नऊ हा आकडा पाहिला त्याच क्षणी अण्णा आठवले होते, तिने फक्त त्यांना इतका वेळ दाराबाहेर उभं ठेवलं होतं.

अण्णा, तिचे वडील, पियानो सुरात लावायचे. शाळांचे, हॉटेलांचे, नाचाच्या वर्गांचे, हौसेने घेऊन कपाटासारखे वापरले जाणारे घरोघरचे. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि तेव्हापासून शाळा सुटली की ती अण्णांबरोबर जायची. तिचं काम दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची लांब पट्टी तारांमध्ये खोचायचं, म्हणजे एका सुराच्या तीनपैकी दोन तारा गप्प बसतील आणि अण्णांना एकच ऐकता येईल. मग दुसरी मोकळी करायची. दोन तारा जवळजवळ सारख्या असल्या की त्यांच्यामधून एक लाट येते, वँव वँव वँव, आणि अण्णा तार ताणायची किल्ली किंचित फिरवत तशी ती लाट लांबत जायची, आणखी लांब, आणि मग नाहीशी व्हायची. "गेली?" अण्णा विचारायचे. तेराव्या वर्षापासून ते तिला विचारायला लागले होते. "नाही अजून," ती म्हणायची, आणि ते हसून अजून केसभर फिरवायचे. "तिखट कानाची आहे," ते पियानोच्या मालकांना सांगायचे, आणि ती मान खाली घालून नमदा गुंडाळायची. तिच्या आयुष्यात कुणी तिचं कौतुक केलं आणि तिला ते पूर्ण खरं वाटलं, असं तेवढ्याच काळात झालं.

ती चोवीस वर्षांची होती, अण्णा एकोणसाठ. तेव्हा ती एका रेकॉर्डिंगच्या कचेरीत लागली होती, पण सुट्टीच्या दिवशी अजून त्यांच्याबरोबर जायची. त्या दिवशी नाचाच्या वर्गात अण्णांनी किल्ली पिशवीत टाकली, हात पुसले आणि नेहमीसारखी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली, खालून वर. वरचं टोक आंबट होतं. फार नाही. नाचाच्या बाईंना कळलं नसतं, शिकणाऱ्या मुलींना तर नाहीच. पण शेवटच्या दीड सप्तकातल्या तारा एकमेकींशी भांडत होत्या आणि अण्णा शांतपणे झाकण लावत होते. त्यांनी त्या वेळी "गेली?" असं विचारलं नव्हतं. किंवा विचारलं होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती. हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि त्या एका गोष्टीवर बरंच काही अवलंबून होतं असं तिला वाटतं. पुढच्या वेळी शाळेत तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळी हॉटेलात. तिने काही म्हटलं नाही. जुनी जादा किल्ली तिने कपाटातून काढून आपल्या पर्समध्ये टाकली, आणि अण्णा जिथे जाऊन येत तिथे दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर जायची. "अण्णांनी एक तार परत बघायला सांगितलीय," असं म्हणायची. अर्ध्या तासाचं काम. घरी यायला उशीर का झाला, हे अण्णा विचारत नसत. तिला कुणी तरी आवडत असावं, असं त्यांना वाटत असेल. ती जरा आनंदातही असायची, हे खरं आहे. आपण कुणाला तरी सांभाळतोय याचा एक उबदार माज असतो. तो तिला दोन वर्षं पुरला.

मग नाचाच्या बाई अण्णांना बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी काळजी कुणी घेत नाही हो. तुम्ही येऊन गेलात की मुलगी मागून येऊन वरच्या तारा बघून जाते, एकदाही चुकत नाही."

संध्याकाळी जेवताना अण्णांनी विचारलं, "किती दिवसांपासून?"

तिने कसलं म्हणून विचारलं नाही. "दोन वर्षं."

"वरच्याच?"

"वरच्याच, अण्णा."

"किती उतरलेल्या असायच्या?"

"थोड्याशा."

"खरं सांग, बाळ."

"पुष्कळ," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली आणि पानातलं सगळं संपवलं. ते पानात काही टाकत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळांना आणि हॉटेलांना पत्रं लिहिली, अक्षर नेहमीसारखंच सुरेख, की प्रकृतीच्या कारणाने काम थांबवत आहे. पुढे नऊ वर्षं ते जगले. तिला एका शब्दाने बोलले नाहीत. टाकून बोलले असते तर तिने पाय धरले असते, दोघं रडले असते, मिटलं असतं. ते उलट जरा जास्तच नीट वागायला लागले, पाहुण्याच्या घरी राहिल्यासारखे. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. तिने काही चांगलं म्हटलं की ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. चहा छान झालाय, अण्णा. बघत राहायचे. हा सदरा शोभतो तुम्हाला. बघत राहायचे, आणि मग म्हणायचे, "तू म्हणतेस तर असेल." ती याला राग म्हणायची. नऊ वर्षं तिने मनात त्याला राग असंच नाव दिलं होतं, आणि तो ओसरायची वाट बघत होती. शेवटच्या आजारात, इस्पितळात, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती मोठ्याने म्हणाली, "बरे होणार तुम्ही. डॉक्टर म्हणालेत." अण्णांनी तसंच पाहिलं, मग हसले, अगदी मायेने, आणि म्हणाले, "मागून येऊन लावणार का?"

बुधवारी फूटपट्टी आला. उंच, किडकिडीत, खिशात खरोखरच स्टीलची सहा इंची पट्टी ठेवणारा माणूस. हे नाव त्याला तिनेच दिलं होतं आणि तो ते मिरवायचा. तिने त्याला ऐकण्याच्या खोलीत बोलावलं आणि दोन्ही पानं त्याच्यापुढे ठेवली. तो खुर्चीत बसला नाही. भिंतीला टेकला, आणि त्या भिंती इतक्या मऊ होत्या की तो थोडा आत गेल्यासारखा दिसला.

"मे महिन्यात पहिल्यांदा दिसलं," तो म्हणाला. "तुला सर्दी झाली होती. म्हटलं, त्या महिन्यापुरतं."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये तू मला सांगत होतीस, तिसऱ्या सेवेवर बासरीच्या आधीचा श्वास कसा ऐकू येतो. हातांनी करून दाखवत होतीस. आता तुझा तो चेहरा बघून मी काय सांगणार होतो?"

"नऊ असं सांगायचं."

"तुझ्याकडे दुसरं काय आहे गं," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. "तसं नाही म्हणायचं मला. तुझ्यासाठीच केलं मी."

"माहीत आहे," ती म्हणाली. तेच तर सगळ्यात वाईट होतं. त्याने द्वेषाने केलं असतं, तिच्या जागेवर डोळा ठेवून केलं असतं, तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. तो तिथे उभा होता आणि ती त्याच्यात स्वतःला बघत होती, पर्समध्ये किल्ली घेऊन जिने चढणारी चोवीस वर्षांची मुलगी, आतून खूश. "ऑक्टोबरचा माझा लेख," ती म्हणाली. "तू म्हणालास, आजवरचा सगळ्यात चांगला."

"होताच."

"आणि मी रेडिओवरच्या त्या मुलाखतीत बोलले ते?"

"छान बोललीस. काय झालं?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डोळे, ओठांचे कोपरे, गळ्याशी हलणारी घाटी. कुठे तरी काही उतरलेलं दिसतं का, हे शोधत. लेख खरंच चांगला असेल. नसेलही. त्याच्या तोंडून आता दोन्ही एकसारखंच येणार होतं, क आणि ख, आणि ओळखायला तिच्याकडे काही नव्हतं. आपण किती वेळ त्याच्याकडे असं बघतोय, हे तिच्या लक्षात आलं, आणि हे बघणं आपण कुठे पाहिलंय तेही. अण्णांचा राग नव्हताच तो. नऊ वर्षं एक माणूस तिच्याच घरात, तिच्यासमोर बसून, तिचा प्रत्येक शब्द खरा की मायेचा हे ओळखायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ओळखता येत नव्हतं. तिच्यावर रागावण्याइतकीही त्याची तिच्याशी ओळख उरली नव्हती. आणि ती वाट बघत होती त्याने माफ करण्याची.

"रडू नकोस," फूटपट्टी म्हणाला. "मी संपादकांना सांगतो. तुझं नाव येऊ देत नाही."

"पुन्हा तेच करतोयस."

त्याने दोन्ही पानं उचलून तिच्या हातात दिली. म्हणाला, "मग कसं करायचं ते तू सांग."

दोघं मिळून गेले. संपादकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. महागडी वर्गणी घेण्यात अर्थ आहे, तिसऱ्या सेवेवर फरक स्पष्ट ऐकू येतो, असा निकाल मासिकाने दोन अंकांत छापला होता आणि तो मुख्यतः तिच्या कानांवर उभा होता. तिच्या ओळी काढल्या की बाकीच्या तिघांना फरक जेमतेम कळत होता. हजारो लोकांनी वर्गणी बदलली असेल, आणि रोज सकाळी कामावर जाताना त्यांना वाटत असेल की आपल्याला आता जास्त ऐकू येतं. "बिचारे खूशही असतील," संपादक म्हणाले, आणि कुणी हसलं नाही म्हणून ओशाळले. पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती आली. ती तिनेच लिहिली. एका परीक्षकाची श्रवणशक्ती कमी झाली असून तिचे गुण बदलण्यात आले होते, असं संपादकांनी सुचवलं होतं. तिने लिहिलं, मला ऐकू येत नव्हतं आणि मला ते कळलं नाही. कुणी बदललं ते फूटपट्टीने आपल्या नावानिशी खाली दोन ओळींत लिहिलं, आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला, कुणी मागण्याआधी. शेवटच्या दिवशी तो तिच्या टेबलापाशी आला. पट्टी काढून तिच्या टेबलाची कड मोजल्यासारखं केलं, ही त्याची जुनी गंमत होती, आणि निघून गेला. तिला गाद्यांच्या विभागात घेतलं. पाठीला काय, कान लागत नाहीत, असं गादीवाल्या बाई म्हणाल्या. मनाने चांगल्या होत्या त्या.

पंधरवड्याने त्याचा फोन आला. "बरी आहेस ना?" त्याने विचारलं.

"बरी आहे. तू?"

"मीही बरा."

फोनच्या त्या अरुंद, घासून पातळ झालेल्या आवाजात तो खरंच बरा आहे का, हे तिला कळेना, आणि त्यालाही तिचं कळत नसणार. अकरा वर्षं तो तिला रोज हसवत आला होता. तिने त्याला माफ केलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी, त्यात काही कष्ट नव्हते. पण माफ केल्याने काही होत नव्हतं. हे तिला नवीन होतं. अण्णांनीही बहुधा पहिल्याच दिवशी केलं असेल, पानातलं संपवता संपवता. "ये कधी तरी," ती म्हणाली. "येतो ना," तो म्हणाला. तो आला नाही, आणि तिने दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

कान तपासायला ती जवळजवळ दोन महिन्यांनी गेली, एका शनिवारी सकाळी. तपासणारी मुलगी तिशीची असेल, केस घट्ट बांधलेली, फार गोड बोलणारी नव्हे. काचेच्या खोलीत बसवून तिने सांगितलं, आवाज आला की हात वर करा. सुरुवातीचे आवाज सोपे होते, दूरच्या भोंग्यासारखे. ती हात वर करत गेली. मग आवाज वर चढायला लागले, बारीक होत गेले, आणि मध्ये शांतता लांबायला लागली. तिने कान देऊन ऐकलं, सगळं अंग कानात गोळा करून ऐकलं, आणि आला, अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढा. तिने हात वर केला. पुन्हा आला. पुन्हा हात वर केला. काचेपलीकडून मुलीने माइकचं बटण दाबलं.

"आत्ता मी काही वाजवलं नव्हतं," ती म्हणाली.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. खरंच आला तरच हात करा. नाही आला तर नाही आला."

नंतर टेबलापाशी बसून तिने आलेख दाखवला. रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. "इथून पुढे तुम्हाला फारसं काही येत नाही," मुलगी पेनाने दाखवत म्हणाली. "परत येणार नाही. कानाच्या यंत्राने बोलणं स्पष्ट होईल, पण तुम्ही म्हणता ते बारीक काम पुन्हा जमेल असं मी सांगणार नाही." ती ऐकत होती आणि तिला त्या मुलीचा हात धरावासा वाटत होता. इतकं रोखठोक कुणी आपल्याशी बोलल्याला किती दिवस झाले, हे तिला आठवेना. मुलीने एक छापील कागद पुढे ओढला आणि वय, काम, आधीचे आजार असं भराभर भरायला लागली.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"वडिलांना होता."

"कितव्या वर्षी लक्षात आलं?"

"एकोणसाठाव्या," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "नाही. एकसष्टाव्या."

मुलीचं पेन थांबलं. "नक्की कधी?"

"माझ्या लक्षात एकोणसाठाव्या आलं. म्हणजे, ते एकोणसाठ वर्षांचे असताना. त्यांच्या स्वतःच्या लक्षात एकसष्टाव्या वर्षी आलं."

"मधली दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि त्यांना नाही."

"नाही."

मुलीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. बाहेरच्या बाकावर कुणी तरी मोठ्याने वर्तमानपत्र दुमडलं, ते तिला व्यवस्थित ऐकू आलं.

"इथे एकच आकडा मावतो," मुलगी म्हणाली. "कुठला लिहू?"